चौथी रेघ

पत्रकार संघाचा मी अकरा वर्षं कार्यवाह आणि मंत्रीसाहेबांबरोबरचं वार्षिक जेवण म्हणजे माझं लाडकं बाळ. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला नावं ठेवायला तुम्ही मोकळे. वर्षभर एकमेकांच्या उरावर बसणारी माणसं एक संध्याकाळ एकमेकांची टिंगल करतात, पोट धरून हसतात, घरी जातात. त्यात बिघडलं कुठे?

माझ्या लेकीला हे मुळीच पटत नाही. तीही पत्रकार, पण दुसऱ्या पेपरात. राहते माझ्याकडेच. घरात तिला ठकी म्हणतात आणि बाहेर म्हटलं तर ती महिनाभर बोलत नाही.

"बाबा, ज्याच्या मागे लागायचं त्याच्याच शेजारी बसून खिदळायचं?"

"अगं, हसल्यावर माणूस सैल होतो."

"कोण सैल होतो, ते एकदा नीट बघा."

मग मी म्हणायचो, तुमच्या पिढीला विनोदाचं वावडं आहे. की दोघंही गाल फुगवून चहा प्यायला मोकळे.

त्या वर्षी मात्र तिला जेवणाला यावंच लागणार होतं, संपादकांचा हुकूम होता. सकाळी बुटांची नाडी बांधता बांधता ती म्हणाली, "उद्या दहाला मी डॉक्टरकडे जातेय. शेवटची खेप."

डॉक्टर म्हणजे दातांचे. दोन महिने तिच्या खेपा चालू होत्या आणि घरी आली की ही बया कडक टोस्ट कडाकडा फोडायची. मी काय दुधखुळा आहे? एकदा मी माझ्या कवळीसाठी त्याच डॉक्टरकडे गेलो, तर ठकी बाहेरच्या बाकावर बसलेली आणि शेजारी जाड चष्म्याच्या एक बाई. दोघी एकमेकींकडे बघतसुद्धा नव्हत्या. मी आत गेलो तेव्हा कापडी पिशवी बाईंच्या पायाशी होती. बाहेर आलो तेव्हा ती ठकीच्या पायाशी. घरी मी विचारलं, तर म्हणाली, "बाबा, पाया पडते, विचारू नका. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहेत त्या. दोन पोरं पदरात आहेत." एवढंच. गावाच्या खालच्या अंगाला मुलं काविळीने आजारी पडत होती आणि सरकार सांगत होतं की पाणी स्वच्छ आहे. उरलेलं मला कळलं. मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

(माझ्या कवळीचंही घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं, आणि राहू नये असा माझा कडक बंदोबस्त होता.)

आता जेवणाची एक पद्धत सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. जेवणाच्या दिवशी दुपारी सभागृहामागच्या खोलीत दोनच माणसं बसतात. संघाकडून मी आणि साहेबांचा खाजगी सचिव. त्याला आम्ही इस्त्री म्हणतो. भर उन्हाळ्यातही त्याच्या शर्टावर सुरकुती पडत नाही, चेहऱ्यावर तर नाहीच. संध्याकाळी सांगायचे विनोद आम्ही एकमेकांना दाखवायचे. ज्यानं कोणाला खरोखर लागेल ते खोडायचे. प्रत्येकाला तीन रेघा, चौथी नाही. विनोद आधीच बाहेर फुटू नयेत म्हणून दोघांचे फोन एका लोखंडी पेटीत. पेटीला दोन कुलुपं, एक किल्ली त्याच्याकडे, एक माझ्याकडे. पेटी उघडायची ती जेवणानंतर कॉफी झाली की. आणि तोवर दोघांनी एकमेकांना सोडून कुठे जायचं नाही. हे सगळे नियम मीच केलेले, हौसेने.

इस्त्रीनं कागद पुढे सरकवला. लाल पेन्सिल घेऊन मी वाचायला लागलो. एका बातमीदाराच्या घटस्फोटावर विनोद होता, तो खोडला. एका संपादकाच्या मुलाला नोकरी नाही त्यावर होता, तोही खोडला. सातवा होता असा:

'पत्रकारांना हल्ली बातम्या कुठे मिळतात? दातांच्या डॉक्टरकडे! बत्तिशी शाबूत, तरी महिन्याला चार खेपा!'

 हात आपोआप पेन्सिलीसकट त्या ओळीवर गेला. खोडायचाच, दुसरा विचारच नाही. साहेबांनी हे भर सभेत म्हटलं तर? तीन नंबरच्या टेबलावर प्रयोगशाळेचे प्रमुख बसणार होते. दातांच्या नावाखाली रजा कोण घेतं, हे त्यांना ठाऊक, रजेवर सही त्यांचीच. त्या बाईंचं काय होईल? आणि ठकी! लहानपणापासून तिचं काही पकडलं की कान लालभडक होतात.

पेन्सिल टेकणार तेवढ्यात मी सहज वर बघितलं. इस्त्री कागदाकडे बघतच नव्हता. तो माझ्या पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होता.

आणि लख्ख उजेड पडला हो! हा विनोद सांगण्यासाठी लिहिलेलाच नव्हता. मी खोडतो का, ते बघण्यासाठी लिहिला होता. त्यांना कुठून तरी कुणकुण लागली होती, पण कोण आणि कशासाठी ते माहीत नव्हतं. खोडला की कळणार होतं.

मग मागचं सगळं भराभरा आठवायला लागलं. तीन वर्षांपूर्वी आमच्या फोटोग्राफरच्या भावाच्या हॉटेलावरचा विनोद मी खोडला होता. बिचाऱ्याला लागेल म्हणून. दोन महिन्यांत तपासणीवाले आले आणि हॉटेलाला टाळं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी एका स्तंभलेखकाच्या पिण्यावरचा खोडला. निवडणुकीच्या तोंडावर त्याचे बाटलीसकट फोटो घरोघर पोचले. अकरा वर्षं मी माझ्या माणसांना सांभाळतोय म्हणून मिरवत होतो, आणि अकरा वर्षं ह्यांना दाखवत होतो की दुखतं कुठे! लाज वाटली. अशी लाज की खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं.

"काका, एक रेघ शिल्लक आहे तुमची," इस्त्री गोड आवाजात म्हणाला.

मी हसलो. कसा हसलो माझं मला माहीत. "हा दातांचा झकास आहे," म्हटलं आणि पेन्सिल खाली नेली. नवव्या क्रमांकावर माझ्या टकलाचा विनोद होता. त्यावर मी कचकन रेघ मारली.

"एवढं लागतं टकलाचं?"

"तुला काय कळणार, डोक्यावर जंगल घेऊन फिरतोस."

तोही हसला, पण डोळे हसले नाहीत. म्हणाला, "तुमची मुलगी येतेय ना आज? नऊ नंबरचं टेबल दिलंय. साहेबांच्या अगदी समोर."

पुढचे चार तास कसे काढले ते मलाच ठाऊक. फोन पेटीत, इस्त्री कोपराला चिकटलेला. मी हात धुवायला गेलो तर तोही हात धुवायला. पाहुणे यायला लागले. ठकी निळ्या साडीत आली, मला लांबून हात केला आणि नऊ नंबरवर जाऊन बसली. बारा पावलांवर माझी लेक, आणि मला तिला एक शब्द सांगता येईना. इस्त्रीची दोन माणसं भिंतीला टेकून उभी होती. जेवणाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. टेबलांवरच्या तोंडांकडे होतं.

सूप वाढलं. पहिलं भाषण यजमानाचं, म्हणजे माझं. मग साहेबांचं. साहेबांच्या ताटाशेजारी तो कागद मला दिसत होता, सातवी ओळ स्वच्छ, बिनरेघेची.

मी उभा राहिलो.  इस्त्रीने पास केलेले माझे आठ विनोद माझ्या खिशात होते, ते मी खिशातच राहू दिले.

"मंडळी," मी म्हटलं, "हल्ली एक अफवा आहे. म्हणे पत्रकार बातम्या आणायला दातांच्या डॉक्टरकडे जातात. महिन्याला चार खेपा!"

साहेबांनी चमचा खाली ठेवला. माझ्या मागे इस्त्रीचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं. ठकीकडे बघायची छाती झाली नाही, पण बघितलं. तिचे कान पेटायला लागले होते.

"तर मंडळी, तो हेर मीच!" मी छाती ठोकली. "डॉक्टर वैतागलाय माझ्यावर. मी म्हटलं, उद्या दहाला येतो. तो म्हणाला, उद्याची वाट कसली बघता? उद्यापर्यंत काही उरणार नाही. आज, आत्ता, आहात तसे उठून या! म्हटलं, एवढी कसली घाई? तर म्हणतो, काका, तुमच्या तोंडात काय आहे ते सगळ्यांना कळलंय!"

आणि भर सभेत, दोनशे माणसांसमोर, साहेबांच्या नाकासमोर, मी कवळी काढली आणि त्यांच्या सूपच्या बशीशेजारी ठेवली. वरची आणि खालची, दोन्ही.

आधी कोणालाच कळेना. मग जो हशा उसळला, बापरे! लोक बघायला खुर्च्यांवर चढले. प्रयोगशाळेचे प्रमुख डोळे पुसत होते. फोटोग्राफर धावत आला आणि त्याने माझ्या बोळक्याचे दहा-बारा फोटो काढले. "काका, कमाल केलीत!" म्हणत होता. त्याच्या भावाच्या हॉटेलाला कोणाच्या पेन्सिलीने टाळं लावलं, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. उद्या ते मीच त्याला सांगणार होतो. त्याच्या हसण्याने मला रडू फुटायचं बाकी होतं.

साहेब हसले, कारण हसणं भागच होतं. मग त्यांनी कागद उचलला, सातव्या ओळीपाशी थांबले आणि आठव्यावर गेले. आता तो विनोद सांगून करणार काय? दातांचा डॉक्टर म्हटलं की सगळ्यांना माझं बोळकंच दिसणार होतं.

भाषण संपलं. नॅपकिनात गुंडाळलेली कवळी घेऊन इस्त्री माझ्या खुर्चीशी वाकला.

"काका," तो हळूच म्हणाला, "रेघा तीनच असतात. तुम्ही आज चार मारल्यात."

 त्याने मान वळवली, मीही वळवली. नऊ नंबरच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी होती. सूप तसंच भरलेलं, चमचा कोरडा. सगळी दुनिया माझे दात बघत होती तेव्हा ठकी उठून गेली होती. भिंतीशी उभे असलेले त्याचे दोघं अजून दात काढून हसत होते, ती कुठल्या दाराने गेली ते त्यांनीही पाहिलं नव्हतं.

पहिल्यांदाच इस्त्रीच्या कपाळावर सुरकुती दिसली. शेजारच्याचा फोन मागायला त्याने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. हल्ली नंबर पाठ असतात कोणाला? सगळे त्याच्या फोनमध्ये, आणि फोन पेटीत.

"किल्ली द्या," तो म्हणाला.

बाईंचं घर कुठे आहे, मला माहीत नव्हतं. ठकीला तिथे पोचायला किती वेळ लागेल, बाई दार उघडतील की घाबरून लावून घेतील, काहीच माहीत नव्हतं. माझं कार्यवाहपद संपलं होतं, हे मात्र पक्कं माहीत होतं. मी नॅपकिन उलगडला. आधी खालचे दात बसवले, मग वरचे, सावकाश.

"कॉफी झाल्यावर," मी म्हटलं. "नियम म्हणजे नियम."

आणि त्या संध्याकाळी मी तीन कप कॉफी प्यायलो.