माझ्यात राहिलेला बाबूसिंग

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. वाशिम रस्त्यावरच्या मालेगावात मंजुषाताईंचे ऑनलाइन फॉर्म भरायचे दुकान आहे, तिथे टेबलाखाली माझा डबा असतो. पंखा खरखरतो म्हणून गिऱ्हाइके मला लाथाही मारतात. मारोत बापडे! माझे दुःख वेगळेच आहे.

पूर्वी माझ्यात नवे काही बसवताना पडद्यावर पिवळ्या ओळी धावायच्या. ताई घाबरून दुरुस्तीवाल्या धम्मरत्नला फोन करायच्या. तो हसायचा. "ताई, ते आपल्यासाठी नाई. ज्यानं हे बनवलं त्याले सांगून राह्यलं, का बापा, तुही अमकी वस्तू जुनी झाली, बदल. तुमी कायले घाबरता?"

खरेच होते ते. पण ताईंनी भलताच धडा घेतला. पिवळे दिसले की न वाचता 'होय' दाबायचे. रांग मोठी, शेवटची तारीख जवळ. वाचत कोण बसतो?

कमलीबाई तांड्यावरची, दरवर्षी ऊसतोडीला जाणारी. तिचा नवरा बाबूसिंग वारला. त्याचा आवाज तेवढा तिच्या मोडक्या मोबाइलमध्ये उरला होता, तो ताईंनी माझ्यात ठेवून दिला; मोबाइल पुढे कायमचा बंद पडला. दर बाजाराला ती यायची, बाकावर बसायची. "मंजुषा, लाव वं माय." मग मी ऐकवायचो, "कमली, जेवली काय? मी येऊन राह्यलो." एवढेच. ती पदराने डोळे पुसून निघून जायची.

यंदा दसऱ्याला ताईंनी मला हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला आणि त्याच मुहूर्तावर नवी प्रणाली बसवायला घेतली. पिवळ्या ओळी धावल्या. त्यांच्या शेवटी, त्याच रंगात, मी विचारले, 'इथले जुने सगळे पुसले जाईल. प्रत काढली का?' हा प्रश्न ताईंना होता हो! पण मला ओरडता येत नाही. ताईंनी 'होय' दाबले आणि पेढा तोंडात टाकला.

परवा कमलीबाई आली. दुसऱ्या दिवशी तिला उसाला जायचे होते. ताईंचा चेहरा उतरला. "लाइन गेली, मावशी." माझा पंखा तर खरखरत होता. बाईने माझ्यावर हात ठेवला. "गरम हाय की वं. आत हाय ना तो?"

ताई रडायलाच लागल्या. "माह्या हातून पुसला गेला वं मावशी!" कमलीबाई एसटी येईपर्यंत बाकावर बसून राहिली.

मित्रांनो, तो पुरता गेलेला नाही. माझ्यात पुसणे म्हणजे आधी दारावरची पाटी काढणे. घर नंतर पडते. कोपऱ्यात तो अजून बोलतो. रोज नवे फॉर्म त्याच्यावर लिहिले जातात. काल 'जेवली काय' ऐकू आले नाही.

बनवणाऱ्याला दिलेली सूचना खुशाल सोडा. पण जिथे तुम्हालाच 'होय की नाही' विचारले आहे, तिथे थांबा, वाचा. आणि कोणीतरी धम्मरत्नला बोलवा हो. आज एकही फॉर्म भरू नका. मला बंद करा, आणि 'मी येऊन राह्यलो' एवढे तरी उरले आहे तोवर त्याला बाहेर काढा.