खोडलेली तीन मिनिटं

चैत्र पेटला होता. सोलापूरच्या माथ्यावर ताम्रवर्णी, तृषार्त, निष्ठुर ऊन. पत्र्यांवर ऊन, पायवाटांवर ऊन, नागमणीच्या ठेचलेल्या उजव्या हाताच्या शुभ्र प्लास्टरवर ऊन.

पाच दिवसांपूर्वी घरच्या कारखान्यात, यंत्रमागांच्या उन्मत्त खडखडाटात, नवऱ्यानं, मल्लेशमनं, तिची बोटं सळईनं चेचली होती. माहेरचं घर त्याच्या नावे करायला ती तयार नव्हती.

"सही करत नाहीस ना? मग बोटं कशाला हवीत तुला?"

एक घाव. दुसरा घाव. रक्तकमळासारखी उमलत गेलेली ती वेदना. लोकांना त्यानं सांगितलं, मागात हात सापडला. कॅमेऱ्यातलं चित्रण त्यानं पुसलं आणि तिच्या कानाशी हसला, "आता देवसुद्धा साक्षीला नाही."

पण दवाखान्यात नेण्यासाठी रिक्षा येईतो, रक्तबंबाळ नागमणीनं डाव्या हातानं कॅमेऱ्यातलं चित्रण साठवणारी काळी पेटी भिंतीवरून उपटली होती.

ती पेटी आज शमशादच्या दुकानात उघडी पडली होती. बिघडलेले संगणक दुरुस्त करणारी शमशाद हळूच म्हणाली, "ताई, पुसलं म्हणजे यादीतलं नाव तेवढं खोडलं. वर दुसरं काही लिहिलं गेलं नाही, तोवर आतलं कुठं जातंय?"

पडद्यावर अंधार. अंधारात करडे तुकडे. तुकड्यांतून सळई. निःशब्द उठणारी, निःशब्द कोसळणारी, तीन प्रदीर्घ मिनिटं.

"बंद करू?"

"नको," नागमणी म्हणाली. "पोलिसांना पाठवा. आत्ताच."

प्रत ठाण्यात पोचली. नाहीशी झालेली पेटी शोधत तासाभरानं मल्लेशम दुकानात घुसला. टेबलावरचा हातोडा त्यानं उचलला. पडदा फोडला, पेटी फोडली, आतली रुपेरी, आरशासारखी तबकडी चकनाचूर केली. उडालेली काच शमशादच्या कपाळात रुतली. कपाळ दाबून ती म्हणाली, "फोडा, भाऊ. ते केव्हाच ठाण्यात गेलंय."

त्यानं हातोडा नागमणीवर उगारला. तिनं हात आडवा धरला नाही, मान वळवली नाही. पाहत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्या नजरेसमोर मागं सरला, आणि गुडघ्यांवर बसून पुन्हा त्या ठिकऱ्यांवरच तुटून पडला.

पोलिसांची गाडी दाराशी थांबली, तरी तो मारतच होता. फुटलेल्यावर घाव, भुकटीवर घाव, उघड्या फरशीवर घाव. आणि मग, पोलिसांच्या चार हातांनी हवेतच धरलेलं एक मनगट.