कोटावर भरलेलं नाव

दवाखान्यातल्या लोकांच्या पांढऱ्या कोटांवर नाव आणि हुद्दा भरून देणं हे माझं काम. गिऱ्हाईक सांगेल ते आम्ही भरतो. या धंद्यात प्रमाणपत्र मागत बसलं, तर उद्यापासून दुकानात माश्या माराव्या लागतील. तोही असाच कोट घेऊन आला आणि नावाखाली ‘वाचोपचार तज्ज्ञ’ भरायला सांगितलं. सुईत दोरा ओवत मी विचारलं, “म्हणजे नेमकं काय करता?”

“गेलेली वाचा परत आणतो.”

माझा हात थांबला. बाबांना नुकताच पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. जन्मभर बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणारा माणूस, आणि आता पाणी हवं असलं तरी भिंतीवर टिचक्या मारायचा. मोठ्या दवाखान्यातली तारीख लांब होती. हा तर दुकानात उभा होता.

संध्याकाळीच तो घरी आला. बाबांची मान चाचपली, घसा पाहिला आणि म्हणाला, “घशाला पूर्ण विश्रांती हवी. मी सांगेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही, काका.” बाबांनी मान डोलावली.

मग तो रोज येऊ लागला. फी नाही म्हणजे नाही. बाबांची दाढी करायचा, त्यांच्याशी पत्ते खेळून मुद्दाम हरायचा. “ताई, तुमचा चहा औषधासारखाच आहे, नाक दाबून प्यावा लागतो,” म्हणायचा आणि वर आणखी एक कप मागायचा. आई गेल्यापासून आमच्या घरात कोणी इतकं हसलं नव्हतं. सख्ख्या भावाशी बोलले नसते ते मी त्याच्याशी बोलले. दवाखान्याची तारीख आली तेव्हा तो म्हणाला, “आता कशाला? उगाच ताण पडेल.” मी बाबांना नेलं नाही.

पुढे पोलिसांनी त्याला दुसऱ्याच एका पेशंटच्या घरातून उचललं. आमचा हा तज्ज्ञ मुळात गाद्यांच्या दुकानातला विक्रेता निघाला. जबाब घेताना फौजदारांनी विचारलं, “तुमचं काय नेलं त्याने?” माझ्या तोंडून निघून गेलं, “काही नाही.”

दुसऱ्या दिवशी बाबांना खऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, “घसा ठणठणीत आहे हो. इजा मेंदूला झाली आहे. यांना पहिल्या दिवसापासून बोलतं करायला हवं होतं. गप्प का ठेवलंत?” मी बाबांच्या सदऱ्याची कॉलर सारखी करत राहिले. “प्रयत्न करू, पण फार आशा धरू नका,” त्या हळूच म्हणाल्या.

कोर्टात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, असं ठरवूनच गेले होते. वकिलांनी कोट दाखवून विचारलं, “ही अक्षरं कोणाची?” “माझी,” मी म्हणाले. बाहेर नेताना तो माझ्याजवळून गेला आणि पुटपुटला, “काका कसे आहेत?” मला सवयीने उत्तर द्यावंसं वाटलं. त्याचा राग येतो, आठवणही येते, आणि आठवण येते म्हणून स्वतःचाच जास्त राग येतो.

घरी आल्यावर बाबांसमोर बसून सगळं सांगितलं. तो डॉक्टर नव्हता, तो आता तुरुंगात आहे, आता येणार नाही. “बाबा, आता बोला. काहीही बोला, चुकलं तरी चालेल. मला नुसती हाक मारा.”

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, ओठ घट्ट मिटले आणि दाराकडे बोट दाखवलं. त्याने येऊन सांगितल्याशिवाय ते बोलणार नव्हते.