सगुणाबाईचा चेहरा

चैत्र पेटला होता. कृष्णाकाठच्या त्या छोट्या संस्थानावर ताम्रवर्ण, निर्दय, निःशब्द ऊन कोसळत होतं. नदी आटून वाळूच्या कडेला लागली होती, आणि घाटाच्या काळ्या पायऱ्यांवर पडणाऱ्या सावल्यांनाही धार आली होती. ऊन आणि सावली यांच्यात त्या दिवसांत कसलीही तडजोड नव्हती. इंगवल्यांच्या घरातही नव्हती.

भार्गवराव इंगवले दरबारचे चित्रकार. शालूची जर, तलवारीची मूठ, मिशीचा पीळ, पगडीतला मोती, सारं जसंच्या तसं. सरदार खूश, राणीसाहेब खूश. एकदा पाहिलेला चेहरा हा माणूस कित्येक वर्षांनी काढून दाखवी, आणि त्याची ऐट त्याच्या चालण्यातही दिसे. घरच्या बाईचं, सगुणाबाईचं, चित्र मात्र त्यांनी कधी काढलं नाही. फोटोही काढू दिला नाही. बायकोचं काय चित्र काढायचं, ती घरातच असते, असं म्हणत. मग ती घरातून कायमची गेली.

मुलगा जयसिंग तेव्हा पॅरिसात शिकत होता. पहिल्या महायुद्धाच्या आधीची ती वर्षं. तिथे चित्रकलेच्या अंगात वारं शिरलं होतं. आधी डोंगरांचे आणि घरांचे ठोकळे झाले. मग आफ्रिकेतले लाकडी मुखवटे पाहून तरुणांनी माणसांची तोंडं चिरली, व्हायोलिनं उकलली, रंग आटवत आटवत माती आणि राख तेवढी ठेवली. तेवढ्यानं भागेना म्हणून वर्तमानपत्राचे कपटे थेट चित्रावर डकवले. लोक हसले, चिडले, आणि त्याला घनवाद म्हणू लागले. समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, सारं एकाच वेळी दिसलं पाहिजे. एका जागी बसून जो पाहतो तो पाहतच नाही. जयसिंगला हे फार लवकर पटलं.

आईच्या वर्षश्राद्धाला तो बोटीनं परतला तो असंच एक चित्र घेऊन. मृत्तिकावर्ण, भस्मवर्ण, गव्हाळ. कोनावर कोन, पापुद्र्यावर पापुद्रा. एक डोळा समोरून, नाक बाजूनं, अंबाडा मागून, भाकरी थापणारा हात तीन ठिकाणी. आणि त्या साऱ्या चिरफाळ्यांतून सगुणाबाई पाहत होती, थकलेली, थोडी रागावलेली, अगदी तीच. तिचा चेहरा आता जगात एवढ्या एकाच ठिकाणी उरला होता. श्राद्धाला तो भिंतीवर लागावा, एवढंच जयसिंगला हवं होतं.

भार्गवरावांनी पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावरची शीर तटतटली.

"ही खंडित मूर्ती हाय," ते म्हणाले. "खंडित मूर्ती घरात ठेवत न्हाईत. पाण्यात सोडत्यात."

जयसिंगनं त्यांना घनवाद समजावला नाही. वर्षभर पोटात ठेवलेलं ओठावर आलं.

"आबा, ती चुलीपुढं बसायची आन् तुम्ही तिच्या मागं, पाटावर. मी तिच्या पुढ्यात असायचो. तुम्ही जन्मभर तिची नुसती पाठ बघितलीसा."

भार्गवरावांनी चित्राला हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, आणि भर दुपारी अनवाणी ते नदीवर नेलं. कापड बुडेना. लाकडी चौकटीसकट वर येई, एका डोळ्यानं पाही. त्यांनी त्यावर दगड ठेवला. जयसिंग पायरीवर उभा होता. गावादेखत बापाचा हात धरणं त्याच्याच्यानं झालं नाही. हे सांगताना मला दोघांचाही राग येतो, आणि कुणाचा जास्त ते अजून ठरत नाही.

त्याच दिवशी भार्गवरावांनी नवं कापड ताणलं. खरी सगुणा कशी होती ते आता मीच दाखवतो, असं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं. पदर आला, काठ आला. अंबाड्यातली वेणी आली, मानेवरचा तीळ आला, घामानं पाठीला चिकटलेली चोळी आली. चेहरा येईना. आले ते राणीसाहेबांचे डोळे, आली ती कुठल्याशा जहागीरदारणीची जिवणी. खरवडून काढली. पुन्हा काढली, पुन्हा खरवडली.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी, कुंचला हातात तसाच धरून, त्यांनी मुलाला विचारलं. आवाज त्यांचा नव्हताच.

"नाक तिचं... जरा बसकं हुतं का रं?"

"नदीला विचारा," जयसिंग म्हणाला.

श्राद्धाला गाव आलं. भिंतीवर दरबारी थाटाचं, निर्दोष, तुळतुळीत चित्र होतं. केसन् केस जागच्या जागी, एक रेघ खंडित नव्हती. लोकांनी हात जोडले. मोगऱ्याचा हार तिच्या पाठीवर पडला होता, उदबत्तीचा धूर तिच्या पाठीवर चढत होता. नैवेद्याचं ताट पुढं वाढून भार्गवराव हात जोडून उभे राहिले, आणि ती चुलीकडे तोंड करून बसली होती, वळत नव्हती, वळत नव्हती.