काटा थांबेपर्यंत

अठ्ठेचाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये काटेवाले काका सतरा वेळा ‘हो’ म्हणाले होते, नऊ वेळा ‘नाही’, आणि एकदा शिंकले होते. बाकी सगळी भोंगाच बोलली होती.

भोंगा हे नाव दादाने ठेवलेलं. नववीत वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासून तिच्या तोंडाला खंडच नव्हता, आणि त्याच जोरावर तिने शाळेच्या मासिकातलं मुलाखतीचं पान मागून घेतलं होतं. पहिली मुलाखत मुख्याध्यापकांची. ती फक्त मुख्याध्यापकांनी वाचली. मग मासिकाच्या बाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं, “सोमवारी दुसरी दे. तीही अशीच निघाली तर ते पान शब्दकोड्याला.”

शब्दकोडं! म्हणजे आडवे-उभे चौकोन तिच्यापेक्षा वाचनीय! भोंगाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

आणि आता शनिवारची दुपार, कानात हेडफोन, समोर वही, आणि वहीत हे :

‘प्रश्न : काका, लहानपणापासूनच तुम्हाला वजनकाटे दुरुस्त करायची आवड असणार, आणि आज इतकी वर्षं हे काम करताना तुम्हाला खूप समाधान वाटत असेल, नाही का?
उत्तर : नाही.
प्रश्न : वा, किती नम्र आहात! अय्या, हा बाळांचा काटा ना? कित्ती गोड! त्यात तुम्ही पाने-पक्कड ठेवता! जागा कमी पडत असेल, म्हणून ना?
उत्तर : हो.’

दादाने खांद्यावरून वाचलं आणि तो पलंगावर लोळायलाच लागला. “पुढच्या वेळी काकांकडे जाऊच नकोस गं. तूच विचार, तूच सांग, तूच टाळ्या वाजव!”

“ते बोलतच नाहीत! मी काय करू? चिमट्याने काढू शब्द?”

“आई, हिला चिमटा दे.”

“दोघं बाहेर व्हा आधी,” आतून आई म्हणाली.

भोंगा बाहेर झाली ती तडक काकांच्या दुकानात. दुकान म्हणजे दोन माणसं मावतील एवढी खोली. भिंतीभर लटकलेल्या तागड्या, टेबलावर उघडी पडलेली काट्यांची पोटं, कोपऱ्यात तो बाळांचा काटा, त्याच्या पन्हाळीसारख्या ताटात पाने आणि पक्कड.

“परत?” काका म्हणाले.

“काका, तुम्ही नीट उत्तरंच दिली नाहीत. माझं पान जाणारे तुमच्यामुळे!”

“तू विचारलंस कुठे?”

“एकतीस प्रश्न विचारले मी!”

“ते तू सांगत होतीस. मी हो-नाही करत होतो.” काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “इकडे ये. हे वजन ठेव या काट्यावर. किती दाखवतो?”

भोंगाने वजन ठेवलं न ठेवलं तोच म्हटलं, “एकशे दहा!”

“चूक. परत.”

“पंच्याण्णव!”

“काटा हलतोय अजून. हलतोय तोवर वाचायचं नाही.”

सुई डावी-उजवी, डावी-उजवी. जणू तिच्याही मनाचा निर्णय होत नव्हता. भोंगाच्या नाकाला खाज सुटली. जिभेच्या टोकावर तीन वाक्यं येऊन उभी राहिली. किती हा वेळ! एवढ्यात एखाद्याचं भाषण संपेल. शेवटी सुई दमली आणि थांबली.

“शंभर,” ती चिडूनच म्हणाली.

“आता विचार तुझा प्रश्न.”

तिने एकतीस प्रश्नांची वही उघडली, आणि रागारागाने मिटली. फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “तो काटा तुम्ही का ठेवलाय?”

‘आठवण म्हणून ना?’ हे भोंगाच्या ओठांपर्यंत आलं. तिने ते दातांखाली धरलं. काकांनी फडक्याने हात पुसले. एकेक बोट पुसलं. भोंगा मनातल्या मनात किंचाळत होती. पाचवं बोट झालं, तेव्हा ते बोलले.

“माझ्या मुलीला तान्ही असताना या काट्यावर मोजायचे. दवाखान्यात. दर आठवड्याला वजन थोडं वाढलेलं. आम्ही खूश. आमची ही मात्र म्हणायची, मला हातात हलकी लागते. मी म्हणायचो, काटा खोटं बोलेल का?”

काकांनी फडक्याची घडी घातली. भोंगाने श्वाससुद्धा हळू घेतला.

“एक दिवस ही उठली आणि पोरीला घेऊन किराणावाल्याकडे गेली. साखरेच्या काट्यावर ठेवलं तिला. दीड महिन्यात पोर एक ग्रॅमही वाढली नव्हती. दवाखान्यातल्या काट्याची स्प्रिंग ढिली पडत चालली होती, दर आठवड्याला थोडं जास्त दाखवायची. मी तेव्हा कापडाच्या दुकानात कामाला होतो. दुसऱ्या दिवशी तिथे गेलोच नाही. काटे शिकायला गेलो.”

“आणि ती?” भोंगाचा आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता.

“कोण? पोरगी? वेळेत कळलं म्हणून वाचली. आता माझ्यापेक्षा उंच आहे, आणि साखर कमी खा म्हणून मलाच दटावते.” काका पहिल्यांदा हसले. “दवाखान्याने तो काटा भंगारात काढला, मी उचलून आणला. दुरुस्त नाही केला. दुरुस्त केला तर विसरेन.”

घरी येऊन भोंगाने ते सगळं जसंच्या तसं उतरवलं. आपले प्रश्न मोजले : दोन. एवढ्याने कसं भागेल, म्हणून वर ‘मानवी जीवनात वजनाचे महत्त्व’ सांगणारी नऊ झोकदार वाक्यं चढवली. दादाने वाचलं. एकही टोमणा न मारता त्याने कागद परत दिला, तेव्हा तिला जरा भीतीच वाटली.

सोमवारी बाई वाचत होत्या आणि भोंगा टेबलासमोर उभी होती. बाईंनी पान उलटलं. परत मागे आल्या. चष्मा काढला. ‘बाई, आवडलं ना? शेवट मस्त आहे ना?’ हे घशापर्यंत आलेलं भोंगाने गिळलं. सुई हलतेय अजून. थांब बये, थांब.

बाईंनी लाल पेन उचललं आणि वरच्या नऊच्या नऊ वाक्यांवर सरळ रेघ ओढली.

“बाई! ती तर माझी—”

“मुलाखत इथून सुरू होते.” बाईंनी ‘तो काटा तुम्ही का ठेवलाय?’ वर बोट ठेवलं. मग ड्रॉवरमधून शब्दकोड्याचा कागद काढला आणि कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे बघत राहिल्या. “आता याला कुठे जागा करू मी?”

याचं उत्तर भोंगाला चांगलं माहीत होतं. पण बाईंनी ते तिला विचारलं नव्हतं.