शंभूबाबांच्या टाचेवरचा डाग

मी न्हाणीतला दगड बोलतोय. पाय घासायचा दगड. सुर्ल्याच्या शंभूबाबांनी घर बांधताना उरलेल्या चिऱ्यातून मला फोडून काढलं. तेव्हापासून त्यांच्या टाचा आणि मी.

ते खनिजाचा ट्रक चालवायचे. संध्याकाळी त्यांच्या पायांची लाल माती मी उतरवायची, हे ठरलेलं. पुढे खाण बंद पडली, ट्रक विकला, सत्तरी उलटली, पण पाय घासल्याशिवाय ते जेवायला बसले नाहीत. त्यांचे तळवे माझ्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते, त्यांच्या बायकोलासुद्धा.

गेल्या वर्षी उजव्या टाचेला भोवरी, म्हणजे कुरूप, झाली. आमच्याकडे भोवरीवर बिब्बा चटकावतात, तसा त्यांनीही चटकावला. भोवरी गेली, काळा डाग राहिला. तो बिब्ब्याचाच असं धरून ते टाच माझ्यावर आणखी जोरात घासू लागले. डाग मात्र पसरत चालला. एकीकडे काळा, दुसरीकडे तपकिरी, कडा वेड्यावाकड्या. माती माझ्यापुढे टिकत नाही. ही माती नव्हती. मला भीती वाटायची, पण दगडाचं ऐकतो कोण!

चवथीच्या गणपतीला घरभर माणसं आली, एकेकाने वाकून नमस्कार केला. तळवा कुणी पाहिला नाही. थोरांचा तळवा कोण बघतो?

मग गुडघे धरले. शंभूबाबांना वाकता येईना, म्हणून त्यांची बायको चंद्रावतीबाय मला घेऊन समोर बसल्या. डाग बघून त्यांचा हात थांबला. शंभूबाबांनी पाय मागे ओढला.

"अगो सोड, बिब्ब्याचो डाग तो. जातलो."

"बिब्ब्याचो डाग कधी वाडता? फाल्यां दोतोराकडे वचूंया."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डागाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कातडीचा कर्करोग निघाला, तोही झपाट्याने पसरणारा. खोल गेला नव्हता म्हणून टाचेचं कातडं काढून भागलं. उशीर झाला असता तर माणूसच गेला असता, असं चंद्रावतीबाय शेजारणीला सांगत होत्या. दगडालाही पाझर फुटतो, तो मला तेव्हा फुटला.

शंभूबाब आता थोडे लंगडतात. मला बंदी आहे. परसात माडाच्या बुंध्याशी पडलोय, अंगावर शेवाळ चढलंय. त्याचं मला दुःख नाही.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची पाठ, तळवे, नखं उजेडात नीट बघा. वाढत जाणारा डाग दिसला तर बिब्बा नको, दगड नको, सरळ डॉक्टर गाठा. म्हातारे ओरडतील. ओरडू देत.