प्रवाशाला सूट

बल्गेरियाची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास पुढे करायचं, आणि तुर्कस्तानात शिरलं की आणखी एक तास. साराजेव्होहून निघण्याआधी हे मीच दोघांना समजावून सांगितलं होतं. आणि तरीही बल्गेरियातल्या फिलिबे शहराच्या अलीकडे, चालत्या मोटारीत, लख्ख ऊन असताना मी बिस्मिल्ला म्हणून खजूर तोंडात टाकला.

मोटार झायिम चालवत होता. "मुनीब, काय चघळतोयस?"

"खजूर. वेळ झाली. तूही घे."

"वेळ झाली?" त्याने डोक्यावरचा आरसा माझ्याकडे वळवला. मागे सूर्य होता, टेकडीच्या चांगला हातभर वर. "मग हा काय तुझ्या आजोबांनी कंदील टांगलाय?"

मी मनगट पुढे केलं. माझं घड्याळ चाळीस वर्षांत कधी चुकलेलं नाही. घड्याळाप्रमाणे इफ्तारची वेळ होऊन गेली होती. मग हळूहळू ध्यानात आलं. हद्दीवर मी काटा पुढे केला होता. नंतर पेट्रोल पंपावर पुन्हा केला होता, कारण हद्दीवर केला की नाही ते काही केल्या आठवेना.

पुढच्या सीटवरचा वेहबी मागे वळला. "विसरून खाल्लंस तू. विसरून खाल्लं तर रोजा मोडत नाही. थुंकून टाक, चूळ भर."

"मी विसरलो नाही. घड्याळ बघून, विचार करून खाल्लं."

"असं म्हणालास तर मोडला. ईदनंतर एक रोजा भरून द्यावा लागेल. विसरलो म्हण की बाबा, फुकटात वाचतोय."

"मग मोडला," मी म्हणालो, आणि खजुराची बी खिडकीतून बाहेर फेकली.

वेहबी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत राहिला. मला वाटलं तो माझ्यासाठी दुवा मागतोय, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

आम्ही तिघंही सत्तरीच्या आसपासचे. झायिमने जन्मभर ट्राम हाकली. रमजानात त्याला भुकेचं काही वाटत नाही, सिगारेटीवाचून मात्र दुपारनंतर तो माणसात राहत नाही. वेहबी आणि मी हाफिझ. लहानपणी एकाच उस्तादांपुढे बसून, एकाच छडीचा मार खाऊन आम्ही अख्खं कुराण पाठ केलं. रमजानात रोज त्याचा एक भाग मशिदीत मोठ्याने म्हणायचा, आणि लोकांनी समोर पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवत ऐकायचं, याला मुकाबेला म्हणतात. पन्नासेक वर्षं आम्ही दोघांनी ते केलं. यंदा ठरवलं की रस्त्याने निघायचं, वाटेत जिथे जुनी मशीद आणि ओळखीचा इमाम मिळेल तिथे मुकाबेला म्हणायचा, आणि सत्ताविसावा रोजा तुर्कस्तानातल्या एदिर्नेला धरायचा. तिथली मशीद उस्तादांनी तरुणपणी बघितली होती. त्यांच्या तोंडून तिची वर्णनं ऐकत आम्ही मोठे झालो.

झायिमचं रोज एकच रडगाणं. "प्रवाशाला रोज्याची सूट आहे. तुमच्या त्या पाठ केलेल्या कुराणातच आहे ना? मग माझा जीव का घेताय?"

"सूट वाळवंटातून चालणाऱ्यांना," वेहबी म्हणायचा. "तू गादीवर बसून चाललायस. मी जन्मात घेतली नाही, आता म्हातारपणी घेऊ?"

त्याआधी, नोवी पाझारच्या मुक्कामी, सगळं सुरळीत झालं. फक्त पहाटे मी सहरीच्या जेवणाला दोनदा उठलो. दुसऱ्यांदा उठलो तेव्हा माझी रिकामी ताटली टेबलावर तशीच होती. मी म्हटलं, परक्या घरात झोप लागत नाही, असं होतं.

मग स्कोप्ये. तिथे माझ्या वाट्याची शेवटची पानं चालू असताना शेजारून वेहबीने दोन शब्द कुजबुजले. ही आमची रीतच आहे. हाफिझ कुठे अडखळला तर शेजारच्याने हळूच शब्द द्यायचा, आणि त्याने तो उचलून पुढे जायचं. पण मी अडखळलोच नव्हतो. निदान मला तरी तसंच वाटत होतं. मी त्याचा शब्द उचलला नाही, माझाच धरून पुढे गेलो. पुढच्या रांगेतले लोक पुस्तकात वाकून बघायला लागले.

बाहेर येऊन बूट चढवताना मी वेहबीला धरलं. "मधे का बोललास?"

"तू एक आयत सोडलीस, हाफिझ."

"मी? तू पेंगत होतास. तूच सोडली असशील ऐकताना."

"असेल," तो म्हणाला. हे त्याचं मला कधी आवडलं नाही. भांडायला गेलं की हा माघार घेतो, आणि आपण हात वर करून एकटेच उभे.

"नीट ऐक, वेहबी. एदिर्नेत मला एक शब्द जरी दिलास, तर तुझी माझी दोस्ती तिथेच संपली. वचन दे."

"शब्द द्यायचा नाही. बरं. दिलं वचन."

स्कोप्येच्या त्या रात्री अंथरुणात पडून मी ती पानं मनात म्हणून बघितली. एकदा बरोबर आली. दुसऱ्यांदा दुसरीकडेच गेली. कुठली वाट खरी तेच कळेना. उशाला पुस्तक होतं. उघडलं असतं तर क्षणात कळलं असतं. मी उघडलं नाही. मला भीती वाटत होती, साधी पोरासारखी भीती. नाव, धंदा, घर, बायको, सगळं मला नंतर मिळालं. हे पाठांतर त्या सगळ्याच्या आधी मिळालं होतं. हे गेलं तर मागे मुनीब म्हणून कोण उरतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी मनाशी ठरवलं: एदिर्नेत नीट म्हणेन. नाही जमलं, तर पुन्हा मशिदीत तोंड उघडणार नाही.

आणि मग फिलिबेचा तो खजूर.

एदिर्नेला पोचलो तेव्हा घड्याळाला मी हातच लावला नाही. झायिमने स्वतःच माझं मनगट धरून काटा फिरवला. "आता याला शिवलास तर बोटं मोडेन," तो म्हणाला. नेहमीचीच थट्टा, पण माझं मनगट त्याने जरा जास्त वेळ धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजाआधी मुकाबेला होता. भिंतींवर माणसाहून उंच काळी अक्षरं, खाली गालिच्यावर दाटीने बसलेले लोक, प्रत्येकाच्या पुढ्यात घडीच्या लाकडी स्टँडवर उघडं पुस्तक. तिथल्या इमामांनी, इस्मत एफेंदींनी, आम्हाला मेहराबीच्या कोनाड्यापुढे बसवलं. अर्धा भाग वेहबीने म्हटला, स्वच्छ, घाई न करता, न थांबता. मग माझी पाळी आली.

माझ्या वाट्यात कुराणातला एक अध्याय, ती सूरा होती जिच्यात एकच ओळ पुन्हापुन्हा परतून येते. पोरंसोरंही ती ओळ म्हणतात, ऐकायला सोपी. पण हाफिझाला विचारा. प्रत्येक वेळी त्या ओळीनंतर रस्ता वेगळा फुटतो, आणि कुठल्या वळणावर आहोत ते आपलं आपणच ध्यानात ठेवायचं. आधी स्वर्गातल्या दोन बागा येतात, मग आणखी दोन. इकडेही झरे, तिकडेही झरे. इकडे फळं, तिकडेही फळं.

सुरुवात छान झाली. आवाज लागला. उस्ताद ऐकत असते तर छडी खाली ठेवून बसले असते. पहिल्या बागा झाल्या. ती ओळ आली. दुसऱ्या बागा, झरे, पुन्हा ती ओळ, फळं...

समोरच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याचं बोट थांबलं. त्याने चष्मा पुसला आणि एक पान मागे उलटलं. त्याच्या शेजाऱ्यानेही उलटलं. मग कागदाचा सळसळ आवाज साऱ्या मशिदीत पसरत गेला. प्रत्येकाला वाटत होतं की आपलीच जागा चुकली, म्हणून जो तो खालमानेने शोधत होता. माझ्याकडे कोणीच बघितलं नाही. हाफिझ चुकेल असं त्या भल्या माणसांच्या मनातही आलं नाही.

तेव्हा मला कळलं. मी पहिल्या बागांत परत आलो होतो. हे झरे मघाशीच होऊन गेले होते. मी तसाच पुढे गेलो, ती ओळ आली, पुढचा रस्ता दिसेना, म्हणून तीच ओळ पुन्हा म्हटली. आणि पुन्हा. मी शेजारच्या वेहबीकडे बघितलं. एवढं लाचार होऊन मी आयुष्यात कोणाकडे बघितलं नसेल. पण त्याने वचन दिलं होतं, आणि वेहबी वचनाचा पक्का. त्याने शब्द दिला नाही.

त्याने मोठ्याने म्हणायला सुरुवात केली.

कुजबुज नाही, भरल्या आवाजात, जसं आम्ही लहानपणी उस्तादांपुढे गुडघ्याला गुडघा लावून म्हणायचो तसं. ती ओळ माझ्याबरोबर म्हटली, आणि न थांबता दुसऱ्या बागांच्या वळणावर शिरला. माझा आवाज आपोआप त्याच्या मागे गेला, मग बरोबर झाला. कुठे मी पुढे असायचो, कुठे तो. समोर पानं सरळ झाली, बोटं चालू लागली. भाग संपेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून म्हटलं.

नमाजानंतर इस्मत एफेंदी आमच्याजवळ आले. त्यांचे डोळे ओले होते. "हाफिझ एफेंदी, आमच्याकडे मुकाबेला एकेकट्याने म्हणतात. दोघांनी एकदम म्हणायचं, ही तुमच्या बोस्नियातली रीत का?"

"हो तर," वेहबी म्हणाला. "जुनी रीत आहे. कठीण सूरा आली की आमच्याकडे दोघंच म्हणतात."

"किती सुंदर! उद्याही तसंच म्हणा."

ते गेल्यावर मी वेहबीची बाही धरली. कोणावर तरी चिडणं मला भागच होतं. "तू वचन मोडलंस."

"शब्द द्यायचा नाही असं ठरलं होतं. बरोबर म्हणायचं नाही असं कुठे ठरलं होतं?"

"आणि खोटं बोललास! रमजानात, मशिदीत, इमामाच्या तोंडावर! रोज्याची वाट लावलीस की रे तू आज!"

"प्रवाशाला सूट असते," वेहबी म्हणाला.

दारात उभा असलेला झायिम हे ऐकून एवढ्या मोठ्याने हसला की कबुतरं उडाली. मलाही हसू आलं, आणि हसता हसताच मी पायरीवर बसलो. वेहबी माझ्या शेजारी बसला. आमचे गुडघे एकमेकांना लागत होते. मला वाटतं फिलिबेपासून, किंवा नोवी पाझारपासूनच, मी स्वतःहून सांगेन याची तो वाट बघत होता.

"वेहबी," मी म्हणालो, "तो खजूर मी विसरून खाल्ला."

"मग तो रोजा वाचला," तो म्हणाला, आणि माझ्या हातात बूट दिले.